वंगण

चाकाची स्तुती मनुष्याने पुष्कळ केली आहे. ते देवांच्या हाती गेले, राष्ट्रध्वजावर विराजमान झाले आणि काळाला उपमा द्यावयाची वेळ आली तेव्हाही कवींना चाकच आठवले. परंतु चाक ज्याच्याभोवती फिरते त्या आसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि आस व चाक यांच्या मधल्या चिमूटभर जागेकडे तर मुळीच नाही. वस्तुतः गाडीचे सारे दैव त्या जागेत साठवलेले असते. वरचा भार आणि खालची गती यांची गाठ तेथेच पडते. ती जागा कोरडी पडली की कुरकुर सुरू होते, कुरकुरीमागून उष्णता येते, आणि उष्णतेमागून काय येते हे ज्याने भर रस्त्यात गाडी बसलेली पाहिली आहे, त्याला निराळे सांगावयास नको.

माझ्या लहानपणी आमच्या घरी बैलगाडी होती. तिच्या साटीखाली वंगणाचा नळा लोंबत असे. लांबच्या वाटेला निघावयाचे असले की आदल्या संध्याकाळी माझे चुलते खीळ काढीत, चाक आसावरून थोडे बाहेर सरकवीत, जुने काळे झालेले वंगण चिंधीने पुसून घेत आणि एरंडेल तेलाचे नवे वंगण आसाला चोपडीत. हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवले नाही. “बैल दमला तरी मुकाट्याने चालतो, आस मात्र आधी ओरडून सांगतो. पण तो ओरडेपर्यंत वाट पाहणारा गाडीवान कसला?” असे ते म्हणत. पुढे बैलगाडी गेली, चुलतेही गेले. परंतु त्यांच्या या बोलण्यातले मर्म मला नीट उमगले ते आमच्या गावापासून हजारो कोस दूर, अमेरिकेतील मिशिगन राज्यात.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. डेट्रॉइट शहराच्या उत्तरेला एका लहान गावात तिचे घर आहे. आमच्या जावईबापूंनी तेथे एक जुने मोटरहोम विकत घेतले होते. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. येथे बिऱ्हाडाच्याच पायांना चाके फुटलेली! आत निजण्यास खाटा, स्वयंपाकाचा ओटा, मोरी, पाण्याची टाकी, लहानसे कपाट आणि सर्वांत पुढे चालकाची जागा. ही गाडी १९७६ साली बनलेली होती. जनरल मोटर्स या कंपनीने १९७३ ते १९७८ या काळात जीएमसी या नावाने अशी मोटरहोमे तयार केली आणि नंतर त्यांचे उत्पादन थांबवले. त्यांचा कारखाना याच राज्यात, पाँटिअ‍ॅक या गावी होता. म्हणजे ही गाडी सत्तेचाळीस वर्षांनी आपल्या माहेराजवळच येऊन राहिली होती म्हणावयाची.

तिची रचना मोठी चमत्कारिक होती. सव्वीस फूट लांबीची ती अवाढव्य गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना पोहोचवावी लागत नाही. त्यामुळे तळाशी लोखंडी दांडा नाही आणि गाडीची जमीन रस्त्याच्या अगदी जवळ येते. म्हातारी माणसेही एका पायरीत आत शिरू शकतात. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन, म्हणजे एकंदर चार चाके. ही चार चाके ओढीत नाहीत, वळवीत नाहीत. ती फक्त भार वाहतात आणि मागून येतात. संसारात अशी काही माणसे असतात. त्यांचे नाव कोठे निघत नाही. परंतु ती थांबली की घर थांबते.

जुलै महिन्यात सर्वांनी या गाडीतून उत्तरेला जावयाचे ठरले. मिशिगन राज्याचे दोन भाग आहेत आणि त्यांच्यामध्ये सरोवरांना जोडणारी सामुद्रधुनी आहे. तिच्यावर मॅकिनॉ नावाचा प्रचंड झुलता पूल १ नोव्हेंबर १९५७ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो सुमारे पाच मैल लांब आहे आणि मध्यावर त्याचा रस्ता पाण्यापासून सुमारे २०० फूट उंच आहे. तो ओलांडून पलीकडच्या अरण्यात चार-पाच दिवस राहावे, असा बेत होता. नातवंडांनी तर महिनाभर आधीपासून भिंतीवर दिवस मोजण्यास प्रारंभ केला होता. घरापासून पुलापर्यंतचे अंतर अडीचशे मैलांहून थोडे अधिक. जावईबापूंनी ठरवले की निघण्यापूर्वी मागच्या चारही चाकांची बेअरिंगे उघडून, धुऊन, त्यांत नवे ग्रीस भरावयाचे. आधीच्या मालकाने ती शेवटची केव्हा उघडली होती याची कोठे नोंद नव्हती.

बेअरिंग म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. एक जाड पुस्तक मेजावर ठेवून बोटाने ढकलावे. मग त्याच पुस्तकाखाली तीन-चार गोल पेन्सिली आडव्या ठेवून पुन्हा ढकलावे. पहिल्या वेळी पुस्तक घासत जाते. दुसऱ्या वेळी ते धावत जाते. घासण्यापेक्षा लोळणे किती सुखाचे, हे एका क्षणात ध्यानी येते. बेअरिंगात हेच केलेले असते. आस आणि चाक यांच्यामध्ये पोलादाच्या गोळ्या किंवा रूळ वर्तुळाकार बसवलेले असतात. वेल्समधील फिलिप वॉन या गृहस्थाने १७९४ साली गाडीच्या आसात गोळ्या बसवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. पुढे हेन्री टिमकेन हा जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत घोडागाड्या बनवण्याचा व्यवसाय करणारा कारागीर झाला. त्याने १८९८ साली निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचे पेटंट मिळवले. गाडी सरळ जाते तेव्हा भार वरून खाली येतो. ती वळते तेव्हा मात्र तो बाजूनेही रेटू लागतो. रूळ एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक, आणि किंचित तिरपे बसवले, तर ते हे दोन्ही भार पेलतात. आमच्या मोटरहोमच्या मागच्या चाकांत याच जातीची बेअरिंगे होती. प्रत्येक चाकात दोन, आतल्या बाजूचे मोठे आणि बाहेरचे लहान.

कामाचा दिवस उजाडला. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. मोटारींच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सारी वर्षे घालवली होती. ते सकाळीच खुर्ची घेऊन आले. हात लावावयाचा नाही, परंतु नजर चुकवावयाची नाही, असा त्यांचा बाणा होता. जावईबापू कामाला बसले. माझी बारा वर्षांची नात त्यांची मदतनीस झाली. आणि माझ्याकडे दुरुस्तीचे पुस्तक मोठ्याने वाचण्याचे, तसेच निघालेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडण्याचे काम आले. आयुष्यभर हजेरी घेतलेल्या माणसाला ते मानवण्यासारखे होते.

पहिली खबरदारी गाडी उचलण्याची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मागचा भाग जॅकने उचलून चौकटीखाली भक्कम लोखंडी घोड्या दिल्या. या गाडीचा मागचा भाग हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेला असतो. “हवेवर विश्वास ठेवून गाडीखाली कधी जाऊ नये,” शेजारी म्हणाले. “हवा निघून जाताना कोणाला विचारीत नाही.” जावईबापूंनी घोड्यांवर टेकलेली गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि मगच ते खाली बसले.

चाक निघाले. मध्यावरचे पत्र्याचे टोपण निघाले. आत खाचांचे एक नट होते आणि त्यातून आरपार गेलेली, टोके वाकवलेली तारेची कॉटर पिन. नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही पिन पहारा देते. ती काही आण्यांच्या मोलाची. परंतु तिच्या भरवशावर चाक आसावर राहते. पिन सरळ करून काढली, नट निघाले, वॉशर निघाला, पाठोपाठ बाहेरचे बेअरिंग हातात आले. ब्रेकचा ड्रम बाहेर येताच त्यातली धूळ झटकण्यास नात पुढे सरसावली, तोच जावईबापूंनी तिला मागे घेतले. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती फुंकावयाची नसते, झटकावयाची नसते. ओल्या फडक्याने हळूच टिपून घ्यावयाची असते.

मग बेअरिंगे धुण्यात आली. जुने ग्रीस मधासारखे तांबूस नव्हते. ते डांबरासारखे काळे आणि चिकट झाले होते. खनिज तेलाच्या पातेल्यात ब्रशाने घासता घासता हळूहळू रूळ चकाकू लागले. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे करू नये. कोरडे बेअरिंग भलत्या वेगाने फिरले की ते खराब होते, आणि रूळ उडून इजा होण्याचेही भय असते. आम्ही ती स्वच्छ फडक्यावर ठेवली आणि वाऱ्यावर वाळू दिली.

आता परीक्षेची वेळ आली. प्रत्येक रूळ उजेडात धरून पाहावयाचा. निळसर छटा दिसली तर ते पोलाद कधी काळी तापले होते असे समजावे. खड्डा किंवा खपली दिसली तर बेअरिंग टाकून द्यावे. तीन चाके निर्दोष निघाली. चौथ्या चाकाची, म्हणजे उजव्या बाजूच्या शेवटच्या चाकाची पाळी आली. हबच्या आत जी पोलादी कडी घट्ट बसवलेली असते आणि जिच्यावरून रूळ लोळतात, तिच्यावरून नात नख फिरवीत होती. मध्येच ती थांबली. “आजोबा, येथे काही तरी लागते आहे.”

आम्ही सर्वांनी वाकून पाहिले. कडीवर बारीक, करड्या रंगाच्या रेघा होत्या. एकमेकींपासून सारख्या अंतरावर, जणू कोणी पट्टी घेऊन आखल्या असाव्यात. शेजाऱ्यांनी चष्मा पुसला, कडी निरखली आणि म्हणाले, “ही गाडी फार दिवस उभी होती. चालून झिजलेली नाही. उभी राहून खराब झाली आहे.” जुन्या ग्रीसात पाण्याचा अंश शिरला, गाडी हिवाळ्यांमागून हिवाळे एकाच जागी राहिली, आणि प्रत्येक रूळ कडीला जेथे टेकला होता तेथे त्या ओलीने पोलाद खाल्ले. रेघांमधले अंतर म्हणजे बरोबर दोन रुळांमधले अंतर होते. काम केल्याने वस्तू झिजते हे आपण जाणतो. परंतु बसून राहिल्यानेही ती झिजते, आणि ती झीज अधिक कपटी असते, कारण तिचा आवाज होत नाही.

तो गुरुवार होता. शनिवारी पहाटे निघावयाचे होते. अरण्यातील मुक्कामाची जागा ठरलेली, तिचे पैसे भरलेले. नवे बेअरिंग आणि नवी कडी मिळावयास सोमवार उजाडणार असे दुकानदाराने कळवले. घरात एकदम शांतता पसरली. मुलगी म्हणाली, “इतकी बारीक रेघ! गाडी इथपर्यंत काही न होता आलीच ना? परत आल्यावर बदलले तर नाही का चालणार?” तिचे म्हणणे अवाजवी नव्हते. मुलांचे हिरमुसलेले चेहरे तिला दिसत होते. नातू तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाठ करून बसला होता. जावईबापू काहीच बोलेनात. दोष डोळ्यांना दिसत होता. परंतु तो इतका लहान होता की त्याला दोष म्हणावयास जीभ रेटत नव्हती. बहुतेक अनर्थ अशा लहान दोषांच्याच दाराने घरात येतात.

शेवटी प्रश्न गणितावर सोपवला. मी नातीला सुतळी आणावयास सांगितली. तिने ती टायराभोवती गुंडाळली आणि पट्टीने मोजली. साडेसात फूट भरली. एका मैलाचे ५,२८० फूट. म्हणजे एक मैल जाण्यास चाकाला ७०४ फेरे घ्यावे लागतात. अंतर २६० मैल धरले. नातीने कागदावर गुणाकार मांडला आणि उत्तर वाचून दाखवले, “एक लक्ष त्र्याऐंशी हजार चाळीस.” ते केवळ जाण्याचे फेरे. प्रत्येक फेऱ्यात रुळांमागून रूळ त्याच रेघांवरून जाणार, दरवेळी त्यांचा काठ थोडा थोडा ठेचणार, आणि ही सारी गाडी, तिच्यातील सहा माणसांसकट, त्या रेघांवर तोललेली असणार. मुलीने तो कागद हातात घेतला, आकडा एकदा पाहिला, आणि काही न बोलता मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी लावला. दोन रात्रींचे पैसे बुडाले. प्रवास पाच दिवसांचा तीन दिवसांवर आला. नातू त्या रात्री जेवावयास उशिराने उठला.

सोमवारी बेअरिंग मिळाले. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती गाडी बनणे १९७८ सालीच थांबले. परंतु तिची बेअरिंगे मिळेनाशी झाली नाहीत. प्रत्येक बेअरिंगावर त्याच्या मापाचा क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक गाडीचा नसतो, मापाचा असतो. आणि त्या मापाचे बेअरिंग दुसऱ्या कित्येक यंत्रांना लागते. मापाच्या शिस्तीचा हा केवढा उपकार! ज्यांनी ती मापे ठरवली त्यांनी आपल्याला कधी पाहिले नाही; परंतु आपली अडचण त्यांनी आधीच दूर करून ठेवली.

जुनी कडी ठोकून काढली आणि नवी बसवली. रूळ आणि कडी ही जोडी नेहमी एकत्र बदलावी लागते. एक नवे आणि एक जुने यांचे जमत नाही. कडी सर्व बाजूंनी थोडी थोडी ठोकीत सरळ आत न्यावी लागते. जोवर ती पूर्ण बसलेली नसते तोवर हातोडीचा आवाज बोदा येतो. तळाला टेकली की तोच आवाज एकदम भरीव होतो. शेजारी खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. आवाज पालटताच त्यांनी मान डोलावली. बैठकीत सूर जुळल्यावर जाणकार जशी मान डोलावतो, तशीच ती होती.

मग ग्रीस भरावयाचे. ग्रीस म्हणजे नुसते घट्ट तेल नव्हे. बहुतेक ग्रीसांत एक प्रकारचा साबण असतो; स्पंज जसा पाणी धरून ठेवतो तसा तो तेल धरून ठेवतो आणि गरज लागेल तसतसे सोडतो. हे साबण निरनिराळ्या जातींचे असतात आणि त्या जाती एकमेकींत मिसळल्या तर कित्येकदा ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. म्हणून जुन्यावर नवे भरू नये. जुने पुरते काढूनच नवे भरावे. नातीने तळहातावर ग्रीसाचा गोळा घेतला आणि बेअरिंगाची रुंद बाजू त्यात दाबीत राहिली. खालून शिरलेले ग्रीस रुळांच्या मधून वरच्या बाजूने डोकावू लागले की तेवढा भाग भरला. असे फिरवीत फिरवीत सगळे वर्तुळ भरावयाचे. ते भरताना तिच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता होती, ती मी वर्गात क्वचितच पाहिली आहे. हब मात्र ग्रीसाने ठासून भरावयाचे नसते. अति ग्रीस आतल्या आत घुसळले जाते आणि त्यानेच उष्णता वाढते. आतल्या बाजूला ग्रीस अडवणारे रबराचे सील असते. तेही नवे घातले, कारण त्याच्या फटीतूनच पाणी आत शिरले असावे.

सर्वांत नाजूक काम शेवटी असते, नट आवळण्याचे. आपल्याला वाटते की चाकाचे नट जितके घट्ट तितके बरे. येथे तसे नाही. प्रथम चाक हाताने फिरवीत फिरवीत नट बेताने आवळावयाचे, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. नंतर ते सैल करावयाचे. मग पुन्हा केवळ बोटांनी आवळावयाचे आणि पिनेचे भोक जुळेल इतकेच मागे घ्यावयाचे. इतके केल्यावर चाकाला आसावर जी मोकळीक उरते ती अशा बेअरिंगांत सामान्यतः ०.००१ ते ०.००५ इंच असावी लागते. मनुष्याचा केस या दोन मापांच्या दरम्यान जाडीचा असतो. याहून सैल राहिले तर चाक डुगडुगते. घट्ट झाले तर तेलाच्या थराला जागा उरत नाही, धातू तापतो, तापून फुगतो आणि फुगून आणखीच आवळला जातो. फिरणाऱ्या वस्तूला धरून ठेवावयाचे, पण श्वास घेण्याइतकी मोकळीक द्यावयाची, ही ती विद्या आहे. मुले शिकवण्यात माझी छत्तीस वर्षे गेली. हे माप हाती येण्यासाठी मी त्यांतली पुष्कळ वर्षे खर्च केली आहेत.

नवी कॉटर पिन घालून तिची टोके वाकवली, टोपण बसवले आणि गाडी खाली उतरवली. दहा मैलांची एक फेरी मारून आल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ प्रथम हात दुरून नेऊन आणि मग टेकवून पाहिले. चारही चाके सारखीच कोमट होती. एखादे चाक इतरांहून अधिक तापलेले लागले असते, तर ते आपल्याला काही सांगत आहे असे समजावयाचे.

मंगळवारी आम्ही निघालो. दुपार कलताना पूल आला. पोलादाचे दोन मनोरे आकाशात शिरलेले, खाली निळे पाणी, आणि वाऱ्याचा असा झोत की गाडीच्या खिडक्या थरथरत होत्या. नातू काचेला नाक लावून बसला होता; बुडालेल्या दोन दिवसांचा राग तो केव्हाच विसरला होता. मुलगी मात्र बाहेर पाहत नव्हती. ती मागच्या बाजूला कान देऊन बसली होती. मागून चार चाकांचा एकसुरी गुणगुणाट येत होता आणि त्यात दुसरा कोणताही आवाज नव्हता. पाच मैलांचा पूल संपला. काहीही झाले नाही.

हे ‘काहीही झाले नाही’ मिळवण्यासाठी चार माणसांचे किती दिवस गेले होते! देखभालीचे फळ असेच असते. ते हातात धरून दाखवता येत नाही. कारण जे घडले नाही त्याचे चित्र कोण काढणार? कोकणात मृगापूर्वी घराची शाकारणी करतात. पाऊस कोसळतो, घर कोरडे राहते, आणि घरातील माणसे उबदार पांघरुणात निजताना वर चढून कौले चाळणाऱ्याची आठवण काढीत नाहीत. विहिरीच्या रहाटाला तेल देणारा, शाळेच्या जिन्याचा हलणारा कठडा मुले येण्यापूर्वी पक्का करणारा, आगगाडीच्या रुळांवरून हातोडी घेऊन चालणारा, या सर्वांचे श्रम न घडलेल्या अपघातांत जमा होतात. त्यांच्या नावाने कोठे सभा भरत नाही. आपण मात्र सुखरूप घरी येतो.

पलीकडच्या काठावर आम्ही गाडी उभी केली. सर्वजण पाणी पाहण्यास धावले. माझी नात तेवढी मागे राहिली. ती वाकली आणि एकेका चाकाच्या मध्याजवळ आधी दुरून, मग टेकवून हात ठेवीत गाडीभोवती फिरली. उजव्या बाजूच्या शेवटच्या चाकापाशी ती थोडी अधिक वेळ थांबली. मग तिने हात पुसले आणि ती भावामागे पाण्याकडे पळाली. तिला हे कोणी सांगितले नव्हते.